रस्त्याची वीस मिनिटं

डाव्या आरशाच्या दांडीपासून मीटरच्या कडेपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं. चार बोटं रुंद, तीन बोटं उंच. कोळी स्वतः आरशाच्या मागच्या खाचेत बसलेला, मुगाच्या दाण्याएवढा. अनितानं मोटारसायकल अंगणातून बाहेर काढली तेव्हा ते तिला दिसलं आणि केंदूरपासून शिक्रापूरपर्यंत तिनं त्याच्यावर एक छोटा प्रयोगच केला. ताशी तीसला जाळं नुसतं थरथरत होतं. चाळीसला ते परकरासारखं फुगत होतं. पंचेचाळीस ओलांडले तेव्हा खालचा एक धागा सुटून फडफडू लागला. तिनं वेग परत चाळीसवर आणला आणि तिथंच ठेवला.

कोळ्याची दया आली म्हणून आपण हळू चाललोय, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. तिला दौंडला लवकर पोचायचं नव्हतं आणि कोळी आयता सापडला होता, एवढंच.

निघताना सासरे ओट्यावर ऊन खात बसले होते. सावळाराम आबांचं वय ब्याऐंशी, आणि सुनेच्या गाडीवर काही बोलल्याशिवाय त्यांचा रविवार सुरू होत नसे.

"चालली का फटफटीवर? तुझी सासू बैलगाडीत म्होरं बसायला लाजायची."

"तुमच्या बैलगाडीला ब्रेक नव्हता आबा. लाजत नव्हत्या, भीत होत्या."

"आन् हिला हाय? चौदा वर्सांचं खटारं त्ये. बबन्यानं नवी घेतली आन् जुनी तुझ्या गळ्यात मारली."

बबन, तिचा नवरा, मागच्या सीटवर मेथीच्या जुड्या आणि वाटाण्याची पिशवी बांधत होता. दोरीची गाठ ओढत तो म्हणाला, "हायवेनंच जा. हायवेला निदान पंक्चरवाला तरी घावतो."

तो सहज बोलला होता. अनितानं हेल्मेट घातलं, पट्टा लावला, किक मारली. चार महिन्यांत घरातल्या प्रत्येकानं कधी ना कधी सहजच त्या पंक्चरचा विषय काढला होता, आणि दर वेळी तिचे कान तापत होते. कारण ते पंक्चर कधी झालंच नव्हतं.

अनिता त्रेचाळीस वर्षांची. बी.एस्सी. होऊन तिनं लॅबचा कोर्स केला आणि गेली सोळा वर्षं ती तळेगाव ढमढेऱ्यातल्या एका लॅबमध्ये रक्त तपासत होती. साखर, हिमोग्लोबिन, कावीळ. आकडा यायच्या आधी नळीचा रंग पाहून तिला बरंचसं कळायचं. बोलणं मोजकं. लॅबच्या डॉक्टरांना ती आवडायची कारण ती 'अंदाजे' हा शब्द वापरत नसे.

महिन्यातून दोन रविवार ती दौंडला आईकडे जायची. आई, सिंधूबाई, तिथं रेल्वे कॉलनीत धाकट्या भावाच्या क्वार्टरमध्ये राहायची. महेंद्र डब्यांच्या दुरुस्तीखात्यात फिटर होता. त्याची बायको वैष्णवी कॉलनीजवळच्या बालवाडीत शिकवायची, नऊ ते एक. त्या बालवाडीला रविवारीही एक वर्ग असायचा. रेल्वेवाल्यांच्या ड्युट्या वारबिर बघत नाहीत म्हणून.

माहेरी एक रीत होती. घरातलं माणूस घराकडं यायला निघालंय असं कळलं की ते पोचेपर्यंत कुणी ताटावर बसायचं नाही. वडील मालगाडीवर गार्ड होते. गाडी कुठंतरी सिग्नलला अडकायची आणि इकडं आई, अनिता, महेंद्र भरल्या भांड्यांसमोर पोटात कावळे घेऊन बसायचे. वडील गेले, रीत राहिली. आईला साखर निघाली, दिवसातून तीन इन्शुलिनची इंजेक्शनं लागली, तरी रीत राहिली.

मग अनितानंच हिशोब बसवून दिला होता. न्हावऱ्याला फाटा आहे. तिथून पारगाव, केडगाव, पाटसवरून दौंड बरोबर सव्वा तास. "मी न्हावऱ्यातून फोन करीन," तिनं आईला सांगितलं होतं. "फोन आला की घड्याळ बघायचं. चाळीस मिनिटांनी इंजेक्शन घ्यायचं. मी येते तोवर जेवायची वेळ होते. आले की लगेच ताटं." आईला ते फार आवडलं होतं. शेजारणीला सांगायची, "माझ्या लेकीनं इंजेक्शन गाडीला जोडून दिलंय." वर्षभर ते चुकलं नाही.

चुकलं ते नोव्हेंबरात. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. न्हावऱ्यातून दहा पन्नासला तिनं फोन केला, "निघाले ग," म्हणाली, आणि गाडी पारगावकडं न वळवता मांडवगणच्या बाजूनं, नदीच्या रस्त्याला घातली. तो रस्ता ती परतीच्या वेळी घ्यायची. जाताना कधीच नाही. त्या दिवशी का घेतला याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं. दिवाळीभर घरात अठरा माणसं होती. लॅबमध्ये डेंग्यूचे रुग्ण होते. ऊन कोवळं होतं. ही कारणं होती, उत्तर नव्हतं.

ती बंधाऱ्यावर थांबली आणि बसली. वैष्णवीनं शाळेतून येऊन दार उघडलं ते एक दहाला. सिंधूबाई मागच्या दाराच्या पायऱ्यांखाली आडव्या होत्या, घामानं भिजलेल्या, बोलणं असंबद्ध. मागच्या दारातून रस्ता दिसायचा, लेक दिसते का ते बघायला उठल्या होत्या. साखर एक्केचाळीस. खुबा मोडला होता. शेजारच्या बाईनं भिंतीपलीकडून पडल्याचा आवाज ऐकला होता, पण भांडं पडलं असेल असं तिला वाटलं. वेळ तिला आठवत होती, कारण टीव्हीवरची मालिका नुकतीच संपली होती. बारा चाळीस.

अनिता पोचली एक पस्तीसला.

उशीर का झाला, असं तिला कुणी विचारलंच नाही. दवाखान्याच्या दारात तिनं आपण होऊन सांगितलं, "गाडी पंक्चर झाली होती." मग सगळ्यांची नजर वैष्णवीकडं वळली. सून घरात असती तर. म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकून. वैष्णवी एकदाच म्हणाली, "मी डबा काढून ठेवला होता. बाराला जेवा म्हणून सांगून गेले होते." तिला कुणी उत्तर दिलं नाही. डिसेंबरच्या एक तारखेला तिनं शाळा सोडली.

तेव्हापासून अनिता सात वेळा दौंडला गेली होती. सातही वेळा सांगायचंच असं ठरवून गेली आणि वाटाण्याच्या शेंगा देऊन परत आली. नदीचा रस्ता तिनं टाकला होता, शिक्षा म्हणून. हायवेनं साठच्या वेगानं जायची आणि तशीच यायची. त्या शिक्षेचा उपयोग कुणालाच झाला नव्हता.

काल संध्याकाळी वैष्णवीचा फोन आला होता. "ताई, शाळेतल्या नव्या बाई सोडून चालल्यात. मॅडमनी मला विचारलंय. सोमवारपर्यंत सांगायचंय." मग थोडं थांबून, "मी नाहीच म्हणणार आहे. आईंना सोडून कसं जमणार? म्हटलं तुमच्या कानावर घालावं."

सोमवार म्हणजे उद्या.

न्हावऱ्याच्या फाट्यावर अनितानं गाडी बाजूला घेतली. दहा बावन्न. फोन लावला. वैष्णवीनं उचलला. हल्ली फोन तीच उचलायची आणि माणूस दारात दिसेपर्यंत सासूला इंजेक्शन द्यायची नाही.

"मला आज उशीर होईल. आईला जेवायला घाल."

मागून आईचा आवाज आला, "तिला म्हनावं तू ये, मंग बसू."

"ऐकलंत ना ताई?" वैष्णवी म्हणाली. "या सावकाश. मी थोडा चिवडा देते त्यांना तोवर."

अनितानं खिशातलं बॉलपेन काढून तळहाताच्या मागच्या बाजूला लिहिलं, १०.५२. लॅबमधली जुनी सवय. मग तिनं गाडी मांडवगणच्या रस्त्याला वळवली.

तिनं स्वतःला दिलेलं कारण असं: मोजायचं. त्या दिवशी एकूण एकशे पासष्ट मिनिटं गेली होती. त्यांतली रस्त्याची किती आणि आपली किती, हे तिनं कधी मोजलं नव्हतं. रस्ता लांबचाच होता, खड्ड्यांचा होता, असं ती मनाशी म्हणत आली होती. आज ती थांबलेला वेळ वजा करून नीट पाहणार होती. बोलायचंच असेल तर आकडा बरोबर हवा.

रस्ता एका गाडीपुरता. दोन्ही बाजूंना ऊस, काही तोडलेला, काही तुऱ्यावर आलेला. तोडलेल्या वावरांत पाचट पेटवून झालं होतं आणि काळ्या राखेवर बगळे चालत होते. उसाचा ट्रॅक्टर आला तेव्हा तिनं गाडी मातीत उतरवली. दोन ट्रॉल्या जाईपर्यंत उभी राहिली. वाऱ्याच्या झोतानं जाळं फाटलं. कोळी खाचेतून बाहेर आला, दांडीवर दोन पावलं चालला आणि परत आत गेला. आता हळू जायला कोळ्याचंही निमित्त उरलं नव्हतं. ती हळूच गेली.

आणि मग तेच झालं ज्याची तिला भीती होती. तिला बरं वाटायला लागलं. रस्ता उतरला, नदीचा वास आला, ओल्या मातीचा आणि शेवाळाचा, आणि तिच्या खांद्यांमधलं काहीतरी आपोआप सैल झालं. या रस्त्यावर ती कुणाला उत्तर देत नव्हती. कुणाची नस शोधत नव्हती. गाडीच्या आवाजात तिचा स्वतःचा विचार तिला पूर्ण ऐकू यायचा, शेवटच्या शब्दापर्यंत. आई वॉकर धरून चालते, वैष्णवी घरात बसलीय, आणि तरी मला इथं बरं वाटतंय. तिनं ते एखाद्या नको असलेल्या निष्कर्षासारखं दोनदा तपासलं. निष्कर्ष तोच आला.

बंधाऱ्याशी अकरा बत्तीस. चाळीस मिनिटं. तिनं हातावर लिहिलं आणि गाडी बाभळीखाली लावली. पाणी भरलेलं होतं. बंधाऱ्यावरून एक गाडी जाईल एवढीच वाट, पलीकडं दौंड तालुका. दोन म्हशी नाकापर्यंत पाण्यात.

"आल्या का?"

अनितानं वळून पाहिलं. चिलारीच्या झुडपाशी एक म्हातारी उभी होती, हातात काठी, कासोटा मारलेला.

"तुमालाच म्हन्ती. फटफटीवाल्या बाई. दिवाळीमागं आल्त्या न्हवं?"

"हो. तुम्हाला कसं आठवतंय?"

"न्हाई आठवायला काय झालं? आख्ख्या नदीकाठाला फटफटी हाकनारी बाई म्या एकच बघितली. आन् ती बी बंधाऱ्याच्या कडंला पाय सोडून बसल्याली." म्हातारी जवळ आली. "म्या म्हनलं, झालं. ही काय आता घरी जात न्हाई. जीव द्याया आलीया."

"अहो, नाही—"

"मंग म्या काय केलं, ह्या चिलारीमागं बसून ऱ्हायले. तुमी उडी मारली तर वरडाया कुनीतरी पायजे का न्हाई? मला पवता येत न्हाई. पर वरडाया येतं."

अनिताला हसू फुटलं.

"हसू नगा. तुमच्यापायी माझी म्हस दुसऱ्याच्या उसात शिरली. त्यानं माझ्या आईबापाचा उद्धार केला. सगुणाबाई म्हन्त्यात मला, उलटं बोल्ल्याबिगर मी ऱ्हात न्हाई. पर त्या दिशी गप ऐकून घेतलं. म्हनलं जाऊ दे, बाई तर वाचली."

सगुणाबाई दगडावर बसली आणि काठी मांडीवर आडवी ठेवली. तिला आता कथा ऐकायची होती, तेवढा तिचा हक्कच होता.

"मंग? येवढं कसलं दुक व्हतं? नवरा मारतो?"

"नाही हो."

"सासू?"

"सासू वारल्या. सासरे आहेत, चांगले आहेत."

"पोरंबाळं?"

"एक मुलगा. पुण्याला शिकतो."

"मंग काय दुक व्हतं?"

पाण्याच्या मध्यावर, बांबूच्या खुंटावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. अनिता त्याच्याकडं पाहत म्हणाली, "मी त्याच्या बुड्या मोजत होते."

"कुनाच्या?"

"त्या पाखराच्या. पाण्याखाली किती वेळ राहतो ते. चौदा सेकंद, एकोणीस, अकरा. त्रेसष्ट बुड्या मोजल्या." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "दुःख नव्हतं, मावशी. काहीच नव्हतं. मी मजेत होते."

सगुणाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. "म्हंजी माझी म्हस फुकटच गेली उसात."

"हो."

"आन् घरी ठावं व्हतं, तुमी हितं बसल्या त्ये?"

"नाही. आई वाट बघत होती. दौंडला."

"उपाशी?"

अनिता चमकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"आयांना दुसरं काय येतं?"

मग अनितानं सगळं सांगितलं. फार नव्हतं. इंजेक्शन, फोन, पायऱ्या. सांगताना तिच्या लक्षात आलं की एक वाक्य ती दर वेळी मनातल्या मनातसुद्धा गाळत आली होती. तिनं ते म्हटलं. "चाळिसाव्या बुडीला मी घड्याळ पाहिलं होतं. बारा वाजले होते. आईनं इंजेक्शन घेतलं असेल, हे आठवलं. ती जेवली नसेल, हेही माहीत होतं. आणखी दहा मोजू, म्हटलं."

एक म्हैस पाण्याबाहेर येऊन अंग झाडायला लागली.

"सांगितलं आईला?"

"नाही."

"मंग कुनाला?"

"तुम्हाला."

"मला सांगून काय उपेग, बाई? मी तुमची कोन?" ती उठली, कमरेवर हात ठेवून. "मला सांगितलं म्हंजी ह्या म्हशीला सांगितलं. चल ग, हाल. आज तरी उसात जाऊ नगंस."

अनिता निघाली तेव्हा अकरा सत्तावन्न झाले होते. बंधाऱ्यावरून तिनं गाडी पहिल्या गिअरमध्ये नेली. पलीकडं चढ, मग गावं, शाळांच्या भिंती, कांद्याच्या चाळी, मग रेल्वेचं फाटक. फाटकात थांबायला लागलं नाही. क्वार्टरसमोर गाडी लावली आणि घड्याळ पाहिलं. बारा बावन्न. पंचावन्न मिनिटं.

चाळीस आणि पंचावन्न, पंच्याण्णव. सरळ रस्त्यानं पंचाहत्तर. म्हणजे नदीच्या रस्त्याची जास्तीची मिनिटं वीस.

एकशे पासष्टातून पंच्याण्णव गेले, सत्तर.

रस्त्याची वीस आणि तिची सत्तर. नुसता रस्ता असता तर ती बारा पंचवीसला दारात असती. आई पडली बारा चाळीसला. तिनं वजाबाकी पुन्हा केली. मग थुंकी लावून हातावरचे आकडे पुसले. ते पुसले गेले नाहीत, नुसते पसरले.

दार वैष्णवीनं उघडलं. तिच्या मागं सिंधूबाई खुर्चीत, पुढ्यात वॉकर. "आली का माझी बाय? किती येळ! पुन्हा पंक्चर का काय?"

"नाही आई."

"आईंचं इंजेक्शन देते आता," वैष्णवी म्हणाली. "ताई, तुम्ही हातपाय धुवा. वीस मिनिटांत वाढते."

आज महेंद्रला ड्युटी नव्हती, तो घरीच होता. ताटं मांडली गेली. बाजरीची भाकरी, वाटाण्याची उसळ, अनितानं आणलेल्या मेथीची भाजी. वैष्णवी वाढत होती. पहिली भाकरी संपेपर्यंत अनिताच्या मुलाची परीक्षा, तिच्या लॅबमधलं नवं मशीन, शेजारच्यांची बदली एवढंच झालं. आठव्यांदा वाटाणे देऊन परत जायचं, असं अनिताच्या मनात आलंही.

मग महेंद्र म्हणाला, "उद्या हिला शाळेत नाही म्हणून कळवायचंय. मॅडम थांबल्यात बिचाऱ्या."

"मॅडमला काय हुतंय थांबायला," सिंधूबाई म्हणाल्या. "घरात मानूस नसलं की काय हुतं त्ये बघितलं न्हवं का सगळ्यांनी? मी आपली पडून. शेजारनीला वाटलं भांडं पडलं." त्या हसल्या. मग सुनेकडं पाहून, जरा हळू, "तुला बोल लावत न्हाई बरं मी. पर झालं त्ये झालं."

वैष्णवीच्या हातातला भाजीचा डाव पातेल्यावर थांबला होता.

"आन् माझी अनी तरी काय करनार," सिंधूबाई म्हणाल्या. "पंक्चरला काय इलाज हाय का?"

"आई," अनिता म्हणाली. "पंक्चर झालं नव्हतं."

"आँ?"

"गाडीला काहीही झालं नव्हतं. मी न्हावऱ्यातून फोन केला आणि नदीच्या रस्त्यानं वळले. बंधाऱ्यावर बसले. सत्तर मिनिटं. तू इंजेक्शन घेतलं असशील हे मला माहीत होतं. जेवली नसशील हेही. तरी उठले नाही."

महेंद्रनं हातातला घास ताटात ठेवला. बाहेर यार्डात डबे एकमेकांवर आदळले आणि तो आवाज लांबपर्यंत गेला.

सिंधूबाईंनी पदर सारखा केला. फक्त लेकीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "कुनी व्हतं का संगं?"

"कुणी नव्हतं. एकटीच होते."

"मंग काय करत व्हतीस?"

"पाणी बघत होते."

"पानी?" सिंधूबाईंना ते समजेना. लेकीसोबत कुणी असतं तर त्यांना रडता आलं असतं, रागावता आलं असतं. "घरात नळाला पानी हाय की, बाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"ताई, चार महिने," महेंद्र म्हणाला. "चार महिने तू—आन् मी हिला—" त्यानं बायकोकडं पाहिलं नाही.

वैष्णवी भिंतीला टेकून उभी होती. "मी डबा काढून ठेवला होता," ती म्हणाली. मोठ्यानं नाही.

"हो," अनिता म्हणाली. "ठेवला होतास. बाराला जेवा म्हणून सांगूनही गेली होतीस. तुझं काही चुकलं नव्हतं. मी त्या दिवशी दवाखान्याच्या दारात हे सांगायला हवं होतं. तुझ्याकडं सगळे बघत होते तेव्हा मीही बघत होते."

वैष्णवीनं डाव खाली ठेवला. रडली नाही. "मला किती बोलले सगळे," एवढंच म्हणाली. त्यात माफी नव्हती, आणि अनितानं ती शोधली नाही.

"बरं, पर आता?" महेंद्र घसा साफ करत म्हणाला. "झालं ते तू सांगितलंस. तरी आईजवळ माणूस लागणारच ना? ही शाळेत गेली आन् पुन्हा काही झालं तर?"

"आई एकटी होती म्हणून पडली नाही, महेंद्र. माझ्यासाठी उपाशी राहिली म्हणून पडली. वेळेवर जेवली असती तर एकला वैष्णवीला ती खुर्चीत बसलेली दिसली असती. आपण कारणच चुकीचं धरलं. मी धरू दिलं."

सिंधूबाई म्हणाल्या, "लेक वाटंवर आसताना घास उतरत न्हाई ग. त्याला मी काय करू?"

"उतरवायचा," अनिता म्हणाली. "मी यापुढं न्हावऱ्यातून फोन करणार नाही. मला उशीर होणार, कारण मी नदीच्याच रस्त्यानं येणार, आणि वाटलं तर बसणार. तू घड्याळात बारा वाजले की इंजेक्शन घ्यायचंस आणि वीस मिनिटांनी ताटावर बसायचंस, वाटेवर कुणीही असो. ते तुला जमतं. आणि वैष्णवी उद्यापासून शाळेत जाणार. मॅडमना ती येते म्हणून आत्ताच फोन करा, माझ्यासमोर."